मुंबईत दुसरं घर घेताना: एजंटला पैसे कोण देतं आणि कधी

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका इस्टेट एजंटचा गाळा आहे. आठ बाय दहाचा असेल. भिंतीवर प्लायवूडची फळी, फळीवर खिळे आणि खिळ्यांना चाव्यांचे जुडगे. प्रत्येक जुडग्याला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने बिल्डिंगचं नाव, मजला आणि एक छोटी खूण. त्या खुणेचा अर्थ मला बरीच वर्षं माहीत नव्हता. एकदा विचारलं तेव्हा ते एजंटकाका म्हणाले, "ताई, गोल म्हणजे मालक मुंबईत. चौकोन म्हणजे मालक बाहेरगावी. चौकोनवाल्याला भाव थोडा कमी चालतो, पण घर रिकामं पडलेलं चालत नाही."

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण मोबाइलवर घरं बघतो तेव्हा फोटो, क्षेत्रफळ आणि मागितलेला भाव एवढंच दिसतं. मालक कुठे आहे, किती घाईत आहे, हे त्या चिकटपट्टीवर असतं. आणि माझ्याबद्दलही त्यांच्या वहीत अशीच एखादी खूण असणार. बजेट किती, कर्ज मंजूर झालंय का, घरी विचारून सांगते म्हणाली का.

राहायला घर घेणारा माणूस एजंटकडे आयुष्यात एकदा, फार तर दोनदा जातो. गुंतवणुकीसाठी घेणाऱ्याला मात्र त्याची पायरी सारखी चढावी लागते. घेताना एजंट, भाड्याने देताना एजंट, भाडेकरू बदलला की पुन्हा एजंट, विकताना एजंट. म्हणून त्याचं काम कसं चालतं हे आपल्याला नीट माहीत हवं. "एजंट चांगला की लबाड" ह्या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही. मला भेटलेले बहुतेक एजंट कष्टाळू होते, सरळ होते, आणि तरीही त्यांचा फायदा आणि माझा फायदा दर वेळी एकच नव्हता. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ह्या सौद्यात त्याला पैसे कोणाकडून मिळणार आहेत, आणि नेमके कधी?

रिसेलचा फ्लॅट

जुन्या घराच्या सौद्यात मुंबईत ब्रोकरेज दोन्ही बाजूंनी दिलं जातं. घेणारा देतो, विकणाराही देतो. साधारण १ टक्का, काही भागांत २ टक्के. हा दर कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही, तो रिवाज आहे, म्हणजे बोलून ठरतो. दोन एजंट असले तर ज्याचा त्याचा पक्षकार त्याला देतो. एकच असला तर दोन्हीकडचं त्याला मिळतं. धंद्यात ह्याला "दोन्ही साईड" म्हणतात. साहजिकच, ज्या घराचा मालक त्याचा स्वतःचा आहे ते घर तो आधी दाखवतो. म्हणून फ्लॅट बघायला निघण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: "मालक तुमचा आहे की दुसऱ्या ब्रोकरकडून आलाय?" उत्तर काहीही असलं तरी चालतं. ते माहीत हवं एवढंच.

आता आकडे मांडून बघा. समजा वन बीएचकेचा भाव १ कोटी २० लाख सांगितलाय आणि तुम्हाला तो १ कोटी १५ लाखांत हवा आहे. तुमच्यासाठी हा फरक ५ लाखांचा. १ टक्का ब्रोकरेज धरलं तर एजंटसाठी तोच फरक ५ हजारांचा, दोन्ही साईड त्याच्याकडे असल्या तर १० हजारांचा. पण ह्या ओढाताणीत सौदाच फिसकटला, तर त्याचे १ लाख १५ हजार ते २ लाख ४० हजार जातात. म्हणून तो तुम्हाला म्हणतो, "मॅडम, थोडं वर या," आणि मालकाला म्हणतो, "साहेब, थोडं खाली या." त्यात कपट नाही. त्याला सौदा व्हायला हवा आहे, तुम्हाला सौदा चांगला व्हायला हवा आहे. भावाची शेवटची खेचाखेच त्याने तुमच्या वतीने करावी ही अपेक्षा चुकीची आहे. ती आपण करायची. त्याच्याकडून घ्यायची ती माहिती: मालकाने हे घर कधी घेतलं, त्याच्यावर कर्ज आहे का, पैसे कशासाठी हवेत, आधीचा सौदा का मोडला.

एक प्रकार मात्र खरोखर टाळण्यासारखा आहे, तो "नेट"चा. एजंट मालकाला विचारतो, "तुमच्या हातात किती पडले पाहिजेत?" मालक म्हणतो, १ कोटी १० लाख. मग वर जे मिळेल ते एजंटचं. तुम्हाला भाव सांगितला जातो १ कोटी १८ लाख, आणि शिवाय ब्रोकरेज. इथे त्याचा फायदा थेट तुमच्या तोट्यातून येतो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि एजंटबद्दल त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पक्षकाराच्या नकळत एजंटने स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून मिळालेला लाभ मागण्याचा हक्क पक्षकाराला आहे. पण कोर्टात जाण्यापेक्षा सोपा उपाय हातात असतो: टोकनच्या, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेल्या आगाऊ रकमेच्या, आधी मालकाला समोरासमोर भेटायचं आणि भाव त्याच्या तोंडून ऐकायचा. एजंट शेवटपर्यंत मालकाची भेट घालून देत नसेल, तर मी तो फ्लॅट सोडते. माझ्या एका मैत्रिणीने भेट न घेताच टोकन दिलं. साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या, दिवशी मालक सहज बोलून गेला आणि आठ लाखांचा फरक तिथे टेबलावर उघडा पडला. ते टेबल, ती शांतता, तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

नवीन प्रकल्प: "तुम्हाला काहीच द्यायचं नाही"

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात एजंटला चॅनल पार्टनर म्हणतात आणि त्याचं ब्रोकरेज बिल्डर देतो. खरेदीदाराला वाटतं, आपल्याला फुकटात मदत मिळाली. ते पैसे किमतीतच असतात हे उघड आहे, पण खरा मुद्दा पुढचा. प्रत्येक बिल्डरचं ब्रोकरेज वेगळं, महिन्यात अमुक इतके फ्लॅट विकले की टक्का वाढतो, काही ठिकाणी बुकिंग झाल्याबरोबर वेगळं बक्षीस. म्हणजे शनिवारी सकाळी तुम्हाला तीन साइट दाखवल्या जातात, त्या तीनच का, ह्याचं उत्तर कदाचित तुमच्या गरजेत नसतं. मी सरळ विचारते: "ह्या प्रकल्पात तुम्हाला किती टक्के आहेत आणि शेजारच्यात किती?" चांगले एजंट सांगतात. पहिल्यांदा थोडे चपापतात, मग सांगतात.

इथे एक बारीक गोष्ट लोकांना माहीत नसते. साइटच्या सेल्स ऑफिसमध्ये पाऊल ठेवलं की तुमचा मोबाइल नंबर विचारतात, ओटीपी येतो. त्या क्षणापासून ठरावीक दिवस तुम्ही त्या एजंटचे ग्राहक म्हणून नोंदले जाता. ह्याला टॅगिंग म्हणतात. नंतर तुम्हाला दुसरा, जास्त जाणकार एजंट सापडला तरी त्या प्रकल्पात त्याला काही मिळणार नाही, म्हणून तो तुमच्यासाठी धावपळही करणार नाही. ज्याच्याबरोबर काम करायचं ते आधी ठरवा, मग नंबर द्या. "नुसतं बघून येऊ" म्हणून कोणाच्याही गाडीत बसून साइटवर जाऊ नका.

काही एजंट आपल्या ब्रोकरेजमधला वाटा ग्राहकाला परत देऊ करतात. त्याला पासबॅक म्हणतात. लाख-दीड लाख परत मिळतात म्हणून माणूस प्रकल्प निवडतो, आणि वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो. प्रकल्प आधी, पासबॅक नंतर.

कायदा कुठपर्यंत येतो

घरबांधणी प्रकल्पांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा रेरा कायदा आणि त्याखाली १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात काम करणारं महारेरा हे प्राधिकरण, ह्यांच्यामुळे एजंटचा धंदा पहिल्यांदाच नोंदीत आला. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं असेल तर एजंटकडेही महारेरा नोंदणी लागते. नोंदणी पाच वर्षांची असते. तिच्याशिवाय काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये दंड, आणि तो त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. एजंटचा नोंदणी क्रमांक इंग्रजी "ए" ने सुरू होतो, प्रकल्पाचा "पी" ने. महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही दोन मिनिटांत तपासता येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही असावा लागतो. तो स्कॅन केला की मंजुऱ्या, ताब्याची तारीख, प्रकल्पावरचे खटले समोर येतात. एजंटचं बोलणं एका कानाने ऐकत हे पान वाचावं.

आता ज्या गोष्टीत बहुतेक लोक फसतात ती. ही सक्ती नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहे. चाळीस वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट किंवा भाड्याचा व्यवहार तिच्यात येत नाही. त्यामुळे गल्लीतल्या एजंटकडे नोंदणी नसली तर तो बेकायदा ठरतोच असं नाही, आणि नोंदणी आहे म्हणून जुन्या फ्लॅटच्या भांडणात महारेरा धावून येईल असंही नाही. तिथे ग्राहक आयोग आणि करार कायदा. म्हणून रिसेलमध्ये तुमचं खरं संरक्षण कागद हेच आहे.

नोंदलेल्या प्रकल्पात मात्र हक्काने एक गोष्ट लक्षात ठेवा: साठेखताची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एजंट कितीही म्हणाला की "आज २० टक्के भरा, उद्यापासून भाव वाढतोय," तरी नाही.

भाव तपासायचा कसा

"मागच्याच महिन्यात वरच्या मजल्यावरचा सव्वा कोटीला गेला." हे वाक्य मुंबईत प्रत्येक फ्लॅटच्या दारात ऐकू येतं. ते खरं असेलही. पण तपासायची सोय आपल्याकडे आहे आणि ती मराठीत आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च म्हणून सेवा आहे. वर्ष, गाव आणि सीटीएस नंबर (त्या जमिनीचा सिटी सर्व्हेतला क्रमांक) टाकला की त्या जागेवर नोंदलेले दस्त दिसतात. प्रत्येक दस्ताचा सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, उघडतो. त्यात "मोबदला" ह्या शब्दापुढे लिहिलेला आकडा म्हणजे सौद्याची नोंदलेली किंमत. त्याखाली "बाजारभाव", म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराने, येणारी किंमत. पुढे क्षेत्रफळ, तारीख.

मी पहिल्यांदा हे केलं त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर एका सोसायटीचे चार दस्त पसरले होते. एजंटने सांगितलेला सव्वा कोटीचा सौदा त्यात होता. फक्त तो वन बीएचकेचा नव्हता, शेजारचे दोन छोटे फ्लॅट एकत्र केलेले होते. दुसऱ्या दिवशी काकांना दाखवलं. ते म्हणाले, "मला मालकाने असंच सांगितलं होतं." मला ते खरं वाटलं, अजूनही वाटतं. एजंटकडेही माहिती ऐकीवच असते.

ह्या आकड्यांची एक मर्यादा आहे. जिथे रोखीत पैसे फिरतात तिथे कागदावरचा मोबदला कमी दिसतो. रोखीच्या बाबतीत माझं म्हणणं एकच: एजंट "थोडे कॅश लागतील" म्हणाला की तिथेच थांबा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणि कागदावर कमी किंमत दाखवून तुम्ही घेतलंत, तर पुढे विकताना नफा फुगलेला दिसतो आणि कर तुम्ही भरता.

क्षेत्रफळाचंही तसंच. रेरानंतर नवीन प्रकल्पात कार्पेट एरियावरच, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवरच, भाव सांगावा लागतो, पण रिसेलच्या गप्पांत अजून भिंती, जिना, लॉबी धरून मोजलेलं बिल्टअप, सुपर बिल्टअप चालतं. मी पर्समध्ये मोजपट्टी ठेवते. ६५० चौरस फूट म्हणून दाखवलेला फ्लॅट ४१० भरला आहे.

"ही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच"

मुंबईतल्या गुंतवणूकदाराला सगळ्यात जास्त भुलवणारं वाक्य हे. चेंबूर, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, पार्ले, जिथे जुन्या सोसायट्या आहेत तिथे. आज जुनं घर घ्या, तीन वर्षांत नवीन, मोठं, आणि मधल्या काळात बिल्डर भाडं देणार.

गोरेगाव पूर्वेला मला असाच एक फ्लॅट दाखवला होता. एजंटच्या म्हणण्याप्रमाणे बिल्डर ठरला होता. मी खाली उतरून सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी वही घेऊन बसले होते, वयस्कर गृहस्थ, शांतपणे म्हणाले, "बाई, अजून सर्वसाधारण सभाच झाली नाही. दोन बिल्डर चहा पिऊन गेले एवढंच." एजंट बाजूलाच उभा होता. त्याने चार जणांकडून जे ऐकलं ते मला सांगितलं होतं.

तेव्हापासून मी कागदांच्या क्रमाने विचारते. पुनर्विकासाचा ठराव सभेत झाला का? त्याच्या इतिवृत्ताची प्रत आहे का? प्रकल्प सल्लागार नेमला का? बिल्डर निवडीची सभा झाली का? विकसन करारनामा नोंदला गेला का? महापालिकेची मंजुरी आली का? ह्यातल्या प्रत्येक पायरीवर घराची किंमत वेगळी असायला हवी. सभा न झालेल्या सोसायटीला करार नोंदलेल्या सोसायटीचा भाव द्यायचा नाही. पागडीच्या खोल्यांना तर वेगळेच नियम आहेत, तिथे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरूचे हक्क घेता. एजंट ते पुसटसं सांगतो. वकिलाकडून स्पष्ट करून घ्या.

टोकन

टोकन एजंटच्या हातात द्यायचं नाही. मालकाच्या नावाने चेक किंवा बँक ट्रान्सफर, आणि त्याची विसार पावती. पावतीवर चार गोष्टी हव्यात: ठरलेली एकूण किंमत, साठेखत किती दिवसांत, कागदपत्रांत दोष निघाला तर टोकन किती दिवसांत परत, आणि बँकेने कर्ज नाकारलं तर काय. ह्या चार ओळी लिहायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत एजंट घाई करतो, "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय." येऊ द्या. मी अशा घाईपायी दोन फ्लॅट गमावले, आणि त्याचं मला काहीही वाटत नाही.

टोकननंतर कागद बघायला वकील आपला हवा. एजंटने सुचवलेला वकील चांगला असू शकतो, पण त्याला पुढची दहा कामं त्याच एजंटकडून येणार असतात. आधीच्या सगळ्या खरेदीचे करारनामे, ज्याला चेन म्हणतात, शेअर सर्टिफिकेट, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची थकबाकी, बँकेचा बोजा, हे सगळं तो बघेल. मालक परदेशात राहणारा असेल तर एजंटच्या "१ टक्का टीडीएस कापा" (मालकाला पैसे देताना कापून सरकारकडे भरायचा कर) ह्या सल्ल्यावर विसंबू नका. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर १ टक्का, हा नियम इथल्या रहिवासी विक्रेत्यासाठी आहे. अनिवासी विक्रेत्याला तो लागू नाही, दर बराच जास्त असतो, आणि कमी कापलं तर जबाबदारी खरेदीदाराची. इथे चार्टर्ड अकाउंटंटची फी वाचवू नका.

भाडं, आणि एजंटचा अकरावा महिना

गुंतवणूकदाराचं एजंटशी सगळ्यात जास्त काम इथे पडतं, म्हणून इथले आकडे नीट बघू. तोच १ कोटी २० लाखांचा फ्लॅट. घेताना स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, ७ लाख २० हजार (घर बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत). नोंदणी फी ३० हजार. ब्रोकरेज १ टक्का, १ लाख २० हजार, एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे २१ हजार ६०० आणखी. सोसायटीची हस्तांतर फी जास्तीत जास्त २५ हजार. बेरीज ९ लाख १६ हजार ६००. भाडं महिन्याला ३२ हजार मिळालं तर वर्षाला ३ लाख ८४ हजार. म्हणजे पहिली दोन वर्षं आणि वर साडेचार-पाच महिने तुम्ही फक्त घरात शिरण्याचा खर्च भरून काढता.

भाड्याच्या व्यवहारात साधारण एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज, भाडेकरूकडून आणि बऱ्याचदा मालकाकडूनही. लीव्ह अँड लायसन्सचा करार रिवाजाने ११ महिन्यांचा. आता भाडेकरू दर वर्षी बदलला आणि प्रत्येक वेळी घर महिनाभर रिकामं राहिलं असं धरा. तीन वर्षांत ३६ महिने, त्यातले ३ रिकामे, ३ महिन्यांचं ब्रोकरेज. हातात ३० महिन्यांचं भाडं. तोच भाडेकरू तीन वर्षं राहिला तर १ महिना रिकामा, १ महिन्याचं ब्रोकरेज, हातात ३४. फरक ४ महिन्यांचा, १ लाख २८ हजार रुपयांचा. एजंटचं उत्पन्न नेमकं उलट दिशेने चालतं. भाडेकरू जितक्या वेळा बदलेल तितकं त्याला बरं.

ह्यावर मी काकांशी एकदाच बोलून घेतलं आणि आमचं ते दहा वर्षं टिकलंय. भाडेकरू आणला की पूर्ण महिना. नूतनीकरणाला महिना नाही, कागदपत्रांच्या कामाची ठरलेली रक्कम. आणि त्यांनी आणलेला भाडेकरू दोन वर्षं पूर्ण राहिला तर माझ्याकडून वर अर्ध्या महिन्याचं भाडं. हे बक्षीस मला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यानंतर काका भाडेकरूला माझ्या आधी स्वतः दहा प्रश्न विचारायला लागले.

करार कितीही महिन्यांचा असो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. एजंट "नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल" म्हणाला तर नाही म्हणा. नोंदलेला करार असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायला कायद्यात वेगळी, लवकरची वाट आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणंही मालकाचं काम. एजंट ऑनलाइन भरून देतो, पण पावती तुमच्याकडे हवी.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एजंट फोनवर हळूच विचारतो, "कसे लोक चालतील?" मासे खाणारे, मुसलमान, एकटी राहणारी मुलगी. "सोसायटीला चालत नाही" हे कारण पुढे केलं जातं. मी म्हणते, सोसायटीचा लेखी ठराव आणा. तो आजवर कोणी आणला नाही. माझ्या स्वतःच्या आईवडिलांना ह्या शहरात सुकटीच्या वासावरून घर नाकारलं गेलंय. माझ्या घराच्या दारात ते होणार नाही, हे एजंटला पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. पगाराची स्लिप आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, ह्या दोन गोष्टींवरून भाडेकरू कळतो.

मोठी एजन्सी की गल्लीतला एजंट

मोठ्या एजन्सीकडे कागदपत्रं नीट असतात, बिल मिळतं, कंपन्यांचे भाडेकरू असतात. पवई, बीकेसीच्या आसपास कंपनी लीजवर घर द्यायचं असेल किंवा तुम्ही स्वतः परदेशात असाल तर त्यांचा उपयोग होतो. अडचण एवढीच की तुमचं घर ज्याला पाठ झालं तो मुलगा सहा महिन्यांत नोकरी बदलतो आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. गल्लीतल्या एजंटला पाणी किती वाजता येतं, कुठल्या विंगला गळती आहे, कोण पुण्याला शिफ्ट होतंय हे ठाऊक असतं. माझ्या अनुभवात मुलुंड, डोंबिवली, बोरिवलीसारख्या मध्यमवर्गीय भागात भाड्यासाठी आणि रिसेलसाठी गल्लीतलाच बरा.

विकताना वीस एजंटांना घर देणं ही मात्र चूक आहे. एकच फ्लॅट पोर्टलवर पाच वेगवेगळ्या भावांनी दिसतो आणि खरेदीदाराला वास येतो की मालक अडचणीत आहे. एका चांगल्या एजंटला ६० दिवसांसाठी एकट्याला द्या. लेखी द्या, त्यात किमान भाव, ब्रोकरेज आणि "इतर ब्रोकरांबरोबर वाटून घेता येईल" ही ओळ घाला. साठाव्या दिवशी जमलं नाही तर मोकळे.

आपलं वागणं

एजंटने घर दाखवायचं, आणि मग मालकाला परस्पर गाठून ब्रोकरेज वाचवायचं, हे मुंबईत सर्रास चालतं. मला ते मुळीच पटत नाही. त्याने दहा जणांना दाखवलेल्या घरांचे पैसे त्याला ह्या अकराव्या सौद्यातून मिळतात. आणि व्यवहाराने बघितलं तरी तोटा आपलाच: पुढच्या वेळी चौकोनवाल्या चावीचा फोन दुसऱ्याला जातो.

पहिल्या भेटीनंतर मी एक मेसेज पाठवते. त्यात एवढंच: "अमुक फ्लॅट तुमच्यामार्फत बघितला. सौदा झाला तर ब्रोकरेज १ टक्का, जीएसटी असल्यास वेगळा. अर्धं साठेखताच्या नोंदणीच्या दिवशी, अर्धं ताबा मिळाल्यावर. मान्य असेल तर कळवा." करार कायद्याप्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावर देय होतो, पण "काम पूर्ण" म्हणजे टोकन, नोंदणी की चावी, ह्यावरूनच सगळी भांडणं होतात. तो मेसेज त्या भांडणाची जागाच ठेवत नाही. आणि ठरलेल्या दिवशी, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातून बाहेर पडतानाच, मी चेक देते. काकांनी पहिल्यांदा तो घेतला तेव्हा दोनदा उलटून बघितला होता. मागे न लागता मिळालेलं ब्रोकरेज त्यांच्या वहीत बहुतेक एखादी वेगळीच खूण होऊन बसलं असावं, कारण त्यानंतरचा प्रत्येक चांगला फ्लॅट पोर्टलवर जायच्या आधी मला कळला.

चेकच्या बदल्यात बिल मागून घ्या, त्यावर एजंटचा पॅन हवा. विक्रीवर दिलेलं ब्रोकरेज भांडवली नफा काढताना वजा होतं, खरेदीवरचं घराच्या खर्चात धरलं जातं. भाडेकरू आणण्यासाठी दिलेलं मात्र वेगळं वजा होत नाही, भाड्याच्या उत्पन्नावर जी सरसकट ३० टक्के वजावट मिळते तिच्यातच ते आलं असं मानतात. खरेदीची फाइल दहा-पंधरा वर्षांनी उघडावी लागते, आणि थर्मल कागदावरची अक्षरं तोपर्यंत उडून जातात. म्हणून बिलाची झेरॉक्स काढून तीही त्याच फाइलमध्ये लावा.